पडद्यावरचा पाहुणा

लांज्याच्या काजू कारखान्यात गर सोलणाऱ्या गोदाचा एक हट्ट होता. उंबऱ्याशी आलेला माणूस गूळपाण्याशिवाय परत जायचा नाही. वायरमन असो, मतं मागणारा असो, नाहीतर चुकून भलत्याच वाडीत शिरलेला कुणी असो, तांब्या आणि गुळाचा खडा पुढे आलाच म्हणून समजा. मुंबईत नोकरी करणारा नवरा महिपत सणाला घरी आला की यावरून तिची थट्टा करी. गोदा ऐकून सोडून देई.

तिची मुलगी निशिगंधा रत्नागिरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पुण्याची एक सॉफ्टवेअर कंपनी कॉलेजात येऊन गेली. लेखी परीक्षेतच निम्मा वर्ग गारद झाला. गटचर्चेत फाडफाड इंग्रजी झाडणारेही गळाले, आणि मोजकं पण मुद्द्याचं बोलणारी निशिगंधा पुढे सरकली. आता राहिली होती शेवटची मुलाखत, घरूनच, लॅपटॉपवर. ती पार पडली तर निशिगंधा वाडीतली पहिली इंजिनिअर. हुकली तर मामाच्या ओळखीने मुंबईत मिळेल ते काम धरायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं.

मुलाखतीचा एक नियम फार कडक होता. खोलीत दुसरं कोणी नको. निशिगंधाने आईला बजावलं, पुण्याचे सर येणार आहेत, तू आत येऊ नकोस. गोदाने त्यातलं सर येणार एवढंच मनावर घेतलं.

सर आले, बोलू लागले, आणि गोदाला चुलीपाशी चैन पडेना. पडद्यातला माणूस पाणी पीत नाही हे तिलाही कळत होतं, ती काही खुळी नव्हती. पण म्हणून विचारायचंसुद्धा नाही? शेवटी तांब्या आणि गूळ घेऊन ती आत शिरली आणि लॅपटॉपसमोर ठेवून मोकळी झाली.

सरांचं बोलणं थांबलं. खोलीत कोण आहे, त्यांनी थंड आवाजात विचारलं. उत्तरं कोणी पुरवत असेल तर मुलाखत इथेच संपवावी लागेल, असंही म्हणाले. गोदाला आता आपली चूक उमगली. आपल्या हौसेपायी पोरीचं वाटोळं होणार, त्यात ही विटकी साडी आणि काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं. सुचलं ते ती बोलून बसली.

"मी शेजारीन, सायेब. चुकून आले."

निशिगंधा नुसती गप्प राहिली असती तरी कदाचित निभावलं असतं. पण ती गप्प राहिली नाही.

"नाही सर, ही माझी आई आहे. घरी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय हिला राहवत नाही. काजू सोलून हिने मला शिकवलंय. हवं तर हिला कॅमेऱ्यासमोर बसवा आणि मला नवा प्रश्न द्या."

सरांनी खरंच तसं केलं. गोदा हात मांडीवर ठेवून पोरीशेजारी बसली, देवळात बसावं तशी. नवा प्रोग्राम अर्ध्यावर अडला. निशिगंधाने तो वरपासून वाचला, एक ओळ खोडली, दुसरी लिहिली, आणि तो चालला. सरांनी मग गोदालाच विचारलं, तुम्हाला काही कळलं का?

"नाय कळला. पन मगाशी चुकली नि आता बरोबर आला, येवडा कळला. चुकली का ती ओठ चावते. आता ओठ सोडलान."

सर मोठ्याने हसले. निशिगंधा तेवढी लाजली.

निवडीचा मेल आला त्या दिवशी गोदा कारखान्यात पोचली ती मान ताठ करून. अभिमान लपवणं तिला कधी जमलं नव्हतं आणि आज तर जमवायचंही नव्हतं. शेजारी बसणाऱ्या सोनूबाईने विचारलं, काय गो, काय झालं मुलाखतीचं?

"पोरीनं पुन्याच्या सायबासमोर ही माजी आई हाय म्हनून सांगितलान," गोदा म्हणाली.

नोकरी लागल्याचं तिने त्यानंतर सांगितलं.