फटफटीचं हँडल आणि डॉक्टरांचं पोट

आमच्या फटफटीचं हँडल मी पसंत केलं होतं आणि त्यात काहीएक दोष नव्हता.

हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात त्या हँडलाचं नाव निघालं की आजही नातवंडांपर्यंत सगळे पोट धरून हसतात. हसू देत! ज्यांना साधी उशी निवडता येत नाही, त्यांनी माझ्या हँडलाला नावं ठेवू नयेत.

हे (म्हणजे माझे यजमान, नाव घेणार नाही, आग्रह करू नका) हिंगोलीला ढोरांचे डॉक्टर होते. दिवसभर खेडोपाडी हिंडायचं काम. लढाई संपली तेव्हा लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं आणि त्यात यांनी एक अमेरिकी फटफटी उचलली. बुटकी, रुंद, काळीभोर, अगदी म्हशीसारखी. (ढोरांच्या डॉक्टरला दुसरं काय आवडणार!) तिच्या बाजूला माणूस बसायला होडीसारखा डबा जोडलेला होता. साहेबलोक त्याला साइडकार म्हणत, आम्ही डबाच म्हणायचो. सगळं झकास होतं, फक्त तिचं मूळचं हँडल कुठल्यातरी लढाईत कामी आलं होतं. त्याच्या जागी कुणीतरी एक आखूड, सरळ नळी ठोकली होती, तीही पार पुढे. ती धरायची म्हणजे हे टाकीवर अक्षरशः पालथे पडायचे.

पहिल्यांदा असे ओणवे होऊन हे साखऱ्याला आपल्या घरी गेले, तेव्हा माझे सासरे ओट्यावरूनच ओरडले, "काय हरवलं रे दत्तू तुहं? काहून वाकून शोधून राहिला?"

हे उतरले, पण सरळ काही झाले नाहीत. तसेच वाकून ओट्यापर्यंत गेले. सासऱ्यांना वाटलं, पोरगं नमस्कार करून राहिलं. त्यांनी आशीर्वाद दिला. तरी हे वाकलेलेच!

"अरे, बस झाला नमस्कार! ऊठ की!"

"उठता येऊन नाही राहिलं, बाबा."

मग मात्र मामंजींनी हुकूम सोडला. कंबर मोडणारी नोकरी आपल्याला नको. दोन पंधरवडे वाट पाहीन, कंबर सरळ झाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून साखऱ्याला या, धान्याच्या दुकानात बसा. मला मात्र साखऱ्याला परतायचं नव्हतं. हिंगोलीच्या त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदाच माझ्या मनाने भाजीत मीठ घालत होते. साखऱ्याला मोठ्या जाऊबाई होत्या, आणि मिठाचा डबा त्यांच्या ताब्यात होता! यांच्या कंबरेची मला काळजी होती, नाही असं नाही. पण त्या मिठाच्या डब्याची जास्त होती.

मी ठरवलं, हँडल बदलायचं.

हे गावाला पायी गेलेले बघून मी इस्माईलचाचांना बोलावलं. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात त्यांचा हात धरणारं हिंगोलीत कुणी नव्हतं. फटफटी त्यांनी आयुष्यात लांबूनच पाहिली होती. पण मीही तशीच, त्यामुळे आमचं लगेच जमलं. ते हँडलाचे तीन नमुने वाकवून घेऊन आले. एक शेळीच्या शिंगांसारखं, ताठ उभं. दुसरं एडक्याच्या शिंगांसारखं, वळसे घेतलेलं. तिसरं थेट म्हशीच्या शिंगांसारखं, रुंद निघून ऐटीत मागे वळलेलं.

"कोनतं पसंत हाय, डॉक्टरीणबाई?"

"बसून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

आणि मी बसले! भर अंगणात, दोन्हीकडे पाय टाकून. शेजारच्या बायका गच्चीवर गोळा झाल्या. होऊ देत. नऊवारीला कासोटा असतो तो कशासाठी? मी डोळे मिटले, पाठ ताठ केली, आणि हात आपसूक जिथे येऊन थांबले तिथेच ठेवले. "इथं. इथं आली पाहिजेत मुठी."

"पन नाप तो डॉक्टरसाब का लेना पडेगा ना?"

"आराम सगळ्यांचा सारखाच असतो, चाचा."

चाचांनी दाढीला हात लावून विचार केला आणि म्हणाले, "व्हय, ये बात बराबर." (कुणाला दोष शोधायचाच असेल, तर निम्मा चाचांकडे मागावा.) म्हशीच्या शिंगांचं हँडल आणखी थोडं मागे वाकवून त्यांनी ठोकून बसवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहासुद्धा न घेता यांनी फटफटी काढली आणि नरसीपर्यंत जाऊन आले. आले ते ताठ! चेहऱ्यावर असा आनंद की लग्नातही पाहिला नव्हता. "अगं, पलंगावर लोडाला टेकून बसल्यासारखं वाटतं!" मी नुसती हसले. कर्तबगार माणसाने फार बोलू नये.

लगेच मला मागे बसवून हे साखऱ्याला निघाले. मामंजी ओट्यावरच होते. "आता गं बया! हा तर नवरदेवावानी बसून राहिला!" त्यांनी फटफटीभोवती फेरी मारली, मुठी दाबून पाहिल्या आणि जाऊबाईंना पुरण घालायला सांगितलं. जाऊबाईंनीही सूड उगवावा तसं वाढलं. पोळीवर पोळी, त्यावर तूप. "भाऊजी, आणखी एक!" "भाऊजी, माझ्या हातची!" हे कुणाला नाही म्हणत नाहीत, हा यांचा मोठा गुण. शेवटी तर यांना पाटावरून दोघांनी हात देऊन उठवलं.

मामंजी म्हणाले, "मीबी येतो हिंगोलीला. बसून तर पाहू." फेटा घट्ट करून ते डब्यात बसले, मी यांच्या मागे बसले. निघालो.

साखऱ्याबाहेर रस्ता सरळ आहे. पुढे बंजाऱ्यांच्या तांड्यापाशी उतार लागतो आणि तिथे तो डावीकडे वळतो. रस्ता वळला. आम्ही वळलो नाही.

"अहो, वळा!"

"वळवतोय! मूठ पोटात रुतून राहिली!"

झालं होतं असं, की हँडल डावीकडे फिरवायचं तर डावी मूठ मागे यायला हवी. ती मागे यायची जागा सकाळी रिकामी होती. आता तिथे पुरणपोळ्या होत्या!

"पोट आत घ्या!"

"घेतलंय!"

"आणखी घ्या!"

"आता पाठीला लागलं!"

"ब्रेक लाव रे दत्तू, ब्रेक!" डब्यातून मामंजी. यांनी ब्रेक दाबला. पण उतार, तीन माणसं आणि जाऊबाईंचं तूप, एवढ्याला तो बिचारा काय पुरणार! समोर कडब्याची भलीमोठी गंजी उभी होती. मी डोळे मिटले. खर्रर्र करून आवाज झाला आणि सगळीकडे अंधार पसरला. अंधारात कुणीतरी शिंकलं. मामंजी होते.

चाचपडत बाहेर आलो तर समोर गंजीची मालकीण, धनीबाई. हातभर बांगड्या, कमरेवर हात. आता ही आपल्याला झोडपणार म्हणून मी पदर खोचला. पण तिने यांचा दंडच धरला. "डॉक्टर! तुलाच आनायला मानूस धाडला हिंगोलीला. म्हस सकाळपासून अडली हाय, चाल!"

म्हैस जमिनीवर आडवी, डोळे पांढरे. रेडकाचे दोन पाय बाहेर आणि पुढे काही हलेना. यांनी सदरा काढला, कोपरापर्यंत साबण चोळला आणि हात आत घातला. एरवी घरात चहाची कपबशी उचलताना सांडणारे हे, आता एकदम वेगळेच माणूस झाले. "मान मागं वळलीये. थांब बाई, थांब, हं..." असं म्हशीशी बोलत त्यांनी ती मान सरळ केली. मग रेडकाच्या पायांना दोरी बांधली. "ओढताना दोरी हातातून निसटते. काहीतरी आडवं पाहिजे, दोघांना धरता येईल असं."

लोक काठ्या शोधायला पळाले. मी गंजीकडे पळाले. धडकेने हँडल निखळून लोंबकळत होतं. तारा ओढून ते काढलं आणि आणून दिलं. मधे दोरी बांधली. एक शिंग यांच्या हातात, दुसरं मामंजींच्या.

"म्हस कळ देईल तेव्हाच ओढा, बाबा. आता! आता थांबा. आता!"

आयुष्यभर लेकाला हुकूम सोडणारे मामंजी त्या दिवशी मुकाट्याने लेकाच्या हुकमावर ओढत होते आणि थांबत होते. फेटा सुटला, धोतर मातीत लोळलं. आणि एकदम चिखलात धप्पकन रेडकू आलं! रेडकू आलं तसे मामंजी मागे पडले. हे रेडकाच्या नाकातोंडातला चिकटा काढत होते, गवताच्या काडीने नाक चाळवत होते. रेडकू शिंकलं. धनीबाई रडायलाच लागली. "देवावानी आलास रे डॉक्टर! गंजीतून आलास, पन आलास!"

मामंजी चिखलात बसल्या बसल्या लेकाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दुकान मी पाहातो. तू हेच कर."

मी मधेच बोलले. सुनेने बोलू नये, पण बोलले. "बघा, धरायला किती आरामाचं आहे हँडल!"

तांड्यातल्या गड्यांनी हँडल पुन्हा आवळून दिलं. पोळ्या जिरेपर्यंत थांबून आम्ही हिंगोली गाठली. (वळणावर वळून, कुणाचीही गंजी न पाडता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींना बाजारात सोडायचं होतं. ते डब्यात बसले, यांनी फटफटी सुरू केली आणि म्हणाले, "संध्याकाळी चाचांना सांगून हे हँडल बदलतो."

"हँडल बदलायचं नाही. जेवण बदला!"

"अगं, ते तुझ्या मापाचं आहे! माझ्या नाही!"

"माप बरोबर आहे. माणूस चुकला."

"असं? मग तूच चालव की!" म्हणून हे तणतणत औषधांची पिशवी आणायला आत गेले.

चालव म्हणाले, म्हणून चालवली. यांचा पाय कुठे जातो आणि कुठला दांडा कसा ओढतात हे मागे बसून मला पाठ झालं होतं. फटफटी अंगणातून निघाली, फाटकातून डावीकडे वळली, चौकात उजवीकडे वळली. अशी वळली की बघत राहावं! इस्माईलचाचा दुकानातून धावत बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "बराबर! एकदम बराबर!" बाजार मागे पडला. मामंजी म्हणाले, "सूनबाई, बाजार गेला की." मी मुठी आणखी घट्ट धरल्या. मग हिंगोली गेली. मग कळमनुरी गेली. मामंजींनीही दोन्ही हातांनी डबा धरला आणि डोळे मिटले.

डोंगरकड्याच्या वेशीत फटफटी दोन आचके देऊन गप्प झाली. पेट्रोल संपलं होतं. मामंजींनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम भरून आलं. त्यांची धाकटी बहीण त्या गावात दिली होती, आणि किती वर्षांत भेट नव्हती. "सूनबाई, तुला कसं गं कळलं माह्या मनातलं?"

मी पदर नीट केला आणि म्हणाले, "कळतं हो, मामंजी."

फटफटी थांबवतात कशी, हे यांच्या मागे बसून कधी दिसलंच नव्हतं, ते काय त्यांना सांगत बसायचं!