सायीच्या रंगाचा गालिचा

ज्या उन्हाळ्यात लातूरकर घागरी घेऊन टँकरमागे पळत होते, त्या उन्हाळ्यात मी दिवाणखान्यासाठी दुधावरच्या सायीच्या रंगाचा गालिचा विकत घेतला. हे वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी हसून घ्यावं, मीही हसते. तेव्हा मात्र मला कुणी वेडी म्हणालं असतं तर मी त्यालाच अडाणी म्हटलं असतं. तसं सुचवून पाहिलं ते एकाच माणसानं, आणि गंमत म्हणजे गालिचा विकणाराही तोच होता.

त्यांना सगळे गालिचेवाले अण्णा म्हणत. मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, अंगात बिनइस्त्रीचा पांढरा सदरा. गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत त्यांचं बोळासारखं लांबट दुकान होतं. अण्णा माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघत. चपला दाराबाहेर, आणि गालिच्याला हात लावायचा नाही. "हातानं काय कळतंय? पाय ठिवा, अक्का. उभ्या ऱ्हावा जरा." गिऱ्हाईक अनवाणी उभं राहिलं की अण्णा गप्प बसत. सोनार चांदी कसाला लावून थांबतो ना, तसे. मग विचारत, "काय म्हनतेत पाय?"

माझे पाय काय म्हणणार? ते अर्धापूरचे. केळीच्या बागेतल्या पाटात धुतले गेलेले. पाणी संपतं, ही गोष्ट मी ऐकून होते, पण मुंबईत समुद्र आहे हे ऐकून असावं तशी. लग्न होऊन नांदेडात काही वर्षं काढली, तिथंही उशाला गोदावरी. मग लातूर जिल्हा झाला आणि बांधकाम खात्यातल्या आमच्या ह्यांची तिकडे बदली झाली. सगळंच नवं. नवी कचेरी, नवे साहेब, नवी कॉलनी, आणि साहेबांच्या बायकांमध्ये कुणाच्या घरी काय आहे याची नवी चढाओढ. एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यात मी फिकट रंगाचा गालिचा पाहिला आणि तो माझ्या डोक्यात शिरला. जिल्ह्याच्या ठिकाणी राहायचं तर काय शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसायचं का, असं मी ह्यांना विचारल्याचं आठवतं. आमच्या घरी शहाबादी फरशी होती, ती कुणीच सारवत नव्हतं.

अण्णांनी माझ्यासमोर भदोहीचा एक मरून रंगाचा गालिचा उलगडला. मी नाक मुरडलं आणि सायीच्या रंगाच्या गुंडाळीकडे बोट दाखवलं. "त्यो?" अण्णा म्हणाले, "अक्का, त्यो घेऊ नका. साल कसलं हाय बगा की. वाऱ्यात निस्ती माती." मी ताठ मानेनं सांगितलं, "आमच्याकडे येणारी माणसं पाय धुऊन घरात येतात, अण्णा." अण्णांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "हाव? आन् पानी कुठून आनतेत?"

मी गालिचा घेऊन आले.

आपल्याकडे आल्यागेल्याच्या पायावर पाणी घालायची रीत. दारात बादली आणि तांब्या असायचाच. त्या वर्षी दारातली बादली घरात आली, मग तिच्यात पिण्याचं पाणी साठवू लागलो. पाहुण्याला घोटभर पाणी देणंच अवघड, पायांवर कोण ओतणार! गालिचा अंथरला तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते माणसं दारातच थांबू लागल्यावर. शेजारच्या बायका आत डोकावायच्या, गालिचा बघायच्या, आपले पाय बघायच्या आणि म्हणायच्या, "बसत न्हाई वो, दूध ठेवून आले." कॉलनीत इतकं दूध तापत असेल असं मला आधी कधी वाटलं नव्हतं. हळूहळू त्यांची बैठक पलीकडच्या घरी भरायला लागली. तिथं फाटकं जाजम होतं. भिंतीतून हसणं ऐकू यायचं. हे रोजगार हमीच्या कामांवर गेले की दिवे लागायच्या वेळी घरी येत. मी दिवसभर स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राही. गालिच्यावर कशी बसणार, मळला असता ना!

करमेना म्हणून मी अण्णांच्या दुकानात जाऊन बसू लागले. निमित्त कधी पायपुसण्याचं, कधी पडद्याच्या कड्यांचं. त्या दिवसांत त्यांच्याकडेही कुणी फिरकत नसे. कचेऱ्यांना काथ्याच्या चटया विकून झाल्या होत्या. लग्नांना भाड्यानं जाणाऱ्या गालिच्यांच्या लाल पट्ट्या गुंडाळून उभ्या होत्या, कारण लग्नंच अंगणात उरकून घेत होते लोक. अण्णा चहा मात्र नेहमी दोनच सांगायचे. कुणी असलं तर दुसरा त्याला, नसलं तर तो समोर ठेवलेला गार व्हायचा.

माणूस विचित्रच होता. विकलेल्या गालिच्याशी त्यांचं नातं सुटत नसे. वर्ष झालं की बोलावणं नसतानाही गिऱ्हाइकाच्या घरी जायचे आणि गालिचा फिरवून द्यायचे. दाराकडची बाजू भिंतीकडे, भिंतीकडची दाराकडे. "येका जागीच पाय पडतेत आन् तेवढंच झिजतं. दुसऱ्या अंगाला कामून राग?" असं म्हणायचे. आणि त्यांच्याच दुकानात, गल्ल्याच्या शेजारी, वारंगळची एक निळी सतरंजी होती. एका कोपऱ्यात ताटाएवढी झिजलेली, ताणे दिसायला लागलेले. तिच्यावर ते कुणाला बसू देत नसत. मी अतिशहाणी. एकदा म्हटलंच, "अण्णा, गावभर गालिचे फिरवत हिंडता, आणि घरची सतरंजी मात्र एका अंगानं गेली की! फिरवा तिला, नाही तर विकून टाका." अण्णा म्हणाले, "चहा गार होऊन राह्यला, अक्का."

रात्री ह्यांना मी मोठ्या चवीनं हे सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "अगं, त्यांची बायको तिथं बसून गालिच्यांचे काठ शिवायची. दुष्काळाच्या आदल्या साली गेली ती." पुढचे काही दिवस मी दुकानात गेले नाही. गेले तेव्हा चहा दोन आले. मी माझा गरम असतानाच प्यायले, जीभ पोळली तरी.

आता मामंजींचं सांगते. माझे सासरे शिरूर अनंतपाळला एकटेच असत. एके दिवशी दुपारच्या एसटीनं आले. उन्हातून स्टँडपासून चालत, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, टाचांना भेगा. दारात थांबून त्यांनी सवयीनं बादलीच्या जागेकडे पाहिलं. बादली नव्हती. त्यांनी पाय पायरीवर घासले आणि आत यायला उचलले. आणि मी, बांधकाम खात्यातल्या साहेबाची हुशार बायको, काय म्हणाले? "मामंजी, जरा थांबा हं. पेपर अंथरते." आतून वर्तमानपत्रं आणून मी दारापासून खुर्चीपर्यंत वाट तयार केली. पसरून वर पाहिलं तर मामंजी पायरीवर बसले होते. "हितं वारं बरं हाय, सूनबाई," म्हणाले. चहा तिथंच घेतला. पिशवीतून मुगाच्या चार मुठी काढून दिल्या, त्या साली शेतात तेवढेच पिकले होते, आणि परतीच्या एसटीनं गेले. त्यानंतर आले नाहीत. ह्यांनी विचारलं, निरोप धाडले, तर प्रत्येक वेळी काही ना काही काम निघे. गावात पाऊस नव्हता, शेतात काय काम असणार?

वर्ष झालं आणि अण्णा आले. गुडघे टेकून त्यांनी गालिच्यावरून हात फिरवला, लव एकीकडून उजळ दिसली, दुसरीकडून गडद. पुन्हा फिरवला. "अक्का, ह्यो तर दुकानात होता तसाच हाय."

"मग! जपून वापरते मी," मी फुशारकीनं म्हटलं.

अण्णांनी खोलीभर पाहिलं. भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या, कुणीही न सरकवलेल्या. "कुनीच येत न्हाई का वो घरी?"

मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. वाऱ्याचे दिवस होते, डोळ्यांत काहीतरी गेलं असणार. बाहेर आले तेव्हा न विचारताच त्यांना पेपरांची गोष्ट सांगून टाकली. अण्णांनी ऐकून घेतलं, उठले, अंगणात गेले, अनवाणी पायांनी मातीत दोन फेऱ्या मारल्या आणि सरळ आत आले. दारापासून खिडकीपर्यंत गालिच्यावरून चालत. मी किंचाळले, "अण्णा! अहो, काय करून राहिलात!"

"कोरडी माती हाय. झटकली की जाती," अण्णा म्हणाले. "पन आज झटकू नका. सायबाला बगू द्या. मग दोघं जावा शिरूरला."

गेलो. मामंजी लिंबाखाली बसले होते. वाटेत ठरवलेलं सगळं बोलणं मी विसरले आणि म्हटलं, "मामंजी, आमचा गालिचा मळवायला घरात माणूस नाही. चला." ते बोळक्या तोंडानं हसले. "येकट्यानं कसं भागंल? बैलबी घेऊ का संगं?"

वर्षभर राहिले. खिडकीखाली गालिच्यावर मांडी घालून बसायचे, टाचांना एरंडेल चोळायचे. त्यांच्याशी गप्पा मारायला शेजारच्या बायका येऊ लागल्या. त्यांचं दूध ओतू जायचं थांबलं. खिडकीखाली तेलाच्या दोन टाचा उमटल्या, त्या काही केल्या निघेनात. मीच काढायचं सोडून दिलं. पुढच्या पेरणीच्या सुमारास ते हट्टानं गावी गेले आणि तिथंच गेले.

आज माझी नात पुण्यात घर सजवते आहे. परवा फोनवर तिनं तिचा नवा रग दाखवला. फिकट, मधूनमधून विरलेला. म्हणाली, "आजी, मुद्दाम झिजवलेला आहे. सध्या हेच चालतं." यंत्रानं झिजवतात म्हणे. मी विचारलं, यंत्राला चहा देता की नाही? ती हसली, मग तिला दुसरा फोन आला. आता हे नाहीत. शेजारच्या घराला कुलूप आहे. खिडकीखालच्या गालिच्यावर मी एकटीच बसते, आणि पाय आपसूक जुन्या डागांच्या बाजूला ठेवते. अण्णांनीही कधीतरी दुकान आवरलं आणि ते पुतण्याकडे उदगीरला गेले. मला कळलं तेव्हा तिथं मोबाईलचं दुकान होतं. निळ्या सतरंजीचं काय झालं, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

पण त्या पावसाळ्यात, मामंजी गेल्यानंतर, अण्णा वर्षाच्या नेमानं आले होते. "आता आलंय फिरवायला," असं समाधानानं म्हणत त्यांनी गालिच्याचं टोक धरलं. मी उठले. खिडकीखाली जाऊन त्या दोन टाचांशेजारी बसले, मांडी घालून, घट्ट. अण्णांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग त्या डागांकडे. टोक हळूच खाली सोडलं, हातानं सरळ केलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, अक्का. आता तुमच्याकडंबी येक न फिरवायचा झाला."