न उचलायचा फोन

"राव, अमेरिका ऐकूं येते, पापनाशम येत नाहीं," अंबुअक्का म्हणाली.

मी टेबलाखाली होतो. दातात स्क्रू, हातात वायर, आणि कॉफी अजून पोटात गेलेली नव्हती. सोमवारी राहुकाळ लवकर लागतो. त्याच्या आधी फोनची नवी सिस्टिम सुरू झालीच पाहिजे, असा साहेबांचा हट्ट. म्हणून उजाडताच तंजावूरच्या त्या ऑफिसात येऊन पडलो होतो.

साहेब म्हणजे शंकरन, बँकेतून रिटायर झालेले. मुलं अमेरिकेत आणि आईवडील इकडे एकटे, अशा घरांची देखभाल करायचं छोटं ऑफिस त्यांनी काढलं होतं. औषधं पोचवायची, डॉक्टरकडे न्यायचं, लाइटबिल भरायचं. फोनवर अंबुअक्का बसायची. आमच्यातलीच, तंजावूरची मराठी. हिशेब तमिळमध्ये, भांडण मराठीत.

तंजावूरला ब्रॉडबँड नुकताच आला होता. मुलांना इंटरनेटवरून स्वस्तात ऑफिसशी बोलता यावं, आणि तंजावूर, पापनाशम अशा आसपासच्या गावांतले फोनही त्याच कॉम्प्युटरवर घ्यावेत, असं साहेबांच्या मनात. दोन्हींची एकमेकांशी जोडणी करायची नाही, हा तेव्हाचा सरकारी नियम. तो पाळून काम करायचं होतं.

यात कॉम्प्युटरला टेलिफोन जोडणारं कार्ड निवडणं हीच खरी डोकेदुखी. एफएक्सओ आणि एफएक्सएस अशी दोन तोंडं असतात. नावं विसरा. भिंतीतून येणारी टेलिफोनची लाइन घेतं ते एक, टेबलावरच्या फोनला घंटी देतं ते दुसरं. उलटसुलट लावलंत तर कार्ड जळतं. आणि बोलणारा फोन ठेवतो तेव्हा आमचं एक्स्चेंज फक्त टूं टूं करतं. माणसाच्या कानाला तेवढं पुरतं. परदेशी कार्डाला तो आवाज शिकवावा लागतो. नाही शिकलं तर समोरचा फोन ठेवून गेला तरी हे आपलं लाइन धरून उभं.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं होतं. "आवाज शिकणारं कार्ड चेन्नईहून मागवू. थोडं थांबा."

"दिवस चांगला आहे, राव. हातात आहे ते लावा. लाइन अडकली तर आम्ही रीस्टार्ट करू."

"सकाळी किती कॉल येतात?"

"सकाळी? एकही नाही. सकाळी आमच्याशी कोण बोलतंय?"

अंबुअक्कानेही मान डोलावली. मग मी तरी कशाला वाद घालू? ऑफिसच्या दोन्ही लाइनी कार्डात खुपसल्या, नंबर दाखवणारं जुनं खोकं कपाटात गेलं, आणि कॉम्प्युटर प्रत्येक फोन पहिल्या घंटीला उचलून गोड आवाजात "वणक्कम, एक दाबा" म्हणू लागला. साहेबांनी त्याला कुंकू लावलं.

थोड्या वेळात अंबुअक्का चुळबुळायला लागली. मग ते अमेरिका-पापनाशमचं बोलली.

"पापनाशमहून कोणाचा फोन यायचाय?" मी टेबलाखालून विचारलं.

"माधवमामांचा. आणि सगळ्यांचाच की! आतांपर्यंत सगळ्यांचे मिस्ड कॉल येऊन जातात."

मी बाहेर आलो. डोकं टेबलाला आपटलं ते वेगळंच.

तेव्हा उलगडलं. रोज सकाळी प्रत्येक म्हातारं माणूस एक घंटी देऊन ठेवून देई. म्हणजे, उठलो, ठीक आहे. अक्का खोक्यावर नंबर बघायची, फोन उचलायची नाही. ज्याची घंटी आली नाही, त्याच्या घरी माणूस जायचा. अख्खं ऑफिस या एका घंटीवर चाललं होतं, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. कारण त्यांच्या लेखी तो कॉलच नव्हता!

आता काय झालं असेल ते दिसत होतं. पहिल्या घंटीलाच मशीन बोललं, एखादी म्हातारी दचकली, फोन ठेवला. कार्डाला ते कळलंच नाही. दोन्ही लाइनी अडकल्या, आणि बाकीच्यांना एंगेज टोन.

"अय्यो, मग आज कोणाची घंटी आली आणि कोणाची नाहीं, तें मला कसं कळायचं?" अक्काचा आवाज चिरकला.

तेवढ्यात इंटरनेटचा फोन वाजला. माधवमामांचा मुलगा. आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ.

"अप्पा फोन उचलत नाहीत. तुमच्याकडे घंटी आली का?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे. साहेब कुंकवाकडे बघत होते.

राहुकाळातच गाडी पापनाशमला सुटली. मी लाइनी उपटल्या, खोकं पुन्हा जोडलं, आणि आम्ही तिघं एकेका घराला फोन करत बसलो. बाकी सगळे ठीक होते, वर रागावलेले होते. ठीक नव्हते ते फक्त माधवमामा. रिटायर्ड स्टेशन मास्तर. गाडी पोचली तेव्हा न्हाणीघरात घसरून ओल्या फरशीवर पडून होते. खुबा मोडला होता. शुद्ध होती, पण अंग गार पडलं होतं. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यात भेटायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मामा, आज लाइन बिघडली होती. तुमचा फोन लागला नसता."

म्हातारा पडल्या पडल्या खेकसला. "मी फोन केलाच नाहीं रे! घंटी आली नाहीं, तोच तर माझा फोन होता."

मी बिस्किटांचा पुडा ठेवून निघालो.

पुढे चेन्नईचं कार्ड आलं, टूं टूं शिकलं. त्यात एकच लाइन घातली. दुसरीला जुना लाल फोन आणि ते खोकं. त्या फोनला कोणी हात लावायचा नाही. साहेबांनी बिल पाहून विचारलं, "दुसऱ्या लाइनला हार्डवेअर काय निवडलंत?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

तेव्हापासून नवीन ऑफिसात गेलो की कॉल किती येतात हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, कुठला फोन तुम्ही उचलत नाही? लोक हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत बॅग उघडत नाही.