गुळाचा खडा

अकोल्यातल्या एका शेठच्या गोदामात बाबांनी उभी हयात सिमेंटचे पत्रे कापण्यात घालवली. पार तेल्हाऱ्यापर्यंतच्या कापसाच्या जिनिंगवर त्यांच्या हातचे पत्रे आहेत. संध्याकाळी घरी येत ते भुवयांपासून चपलेपर्यंत पांढरे होऊन. धुळीत काम करणाऱ्याने गूळ खावा, घसा साफ होतो, असं शेठ सांगायचे आणि सुटीच्या वेळी स्वतःच्या हाताने प्रत्येकाला खडा द्यायचे. बाबांना त्याचं केवढं कौतुक! असा मालक मिळायला नशीब लागतं, म्हणायचे. अर्धा खडा माझ्यासाठी राखून आणत. तो मी आवडीने खाल्लाय, हे आठवलं की आजही डोकं फिरतं.

पुढे बाबांना दम लागू लागला, मग पाय सुजले. अमरावतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून आधी काम विचारलं. पत्र्यातल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं कडक झालीत, म्हणाले, आणि त्यांतून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकलीय, फुगलीय. पायांवरची सूज त्याचीच. आता हे बरं होणारं नव्हतं. बाबांना ते पटेना. शेठनी गूळ दिला होता ना, हेच त्यांचं उत्तर.

शेठ भेटायला आले, तेही गुळाची भेली घेऊन. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, हे सगळं बिडीने होतं. बाबांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. तरी ओसरीतल्या बाजेवर बसून ते मान डोलवत राहिले. ती मान पाहून माझं टाळकं सरकलं. या माणसाला धुळीचं सगळं ठाऊक होतं, हे बाबांना त्यांच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

न्हाणीआड एक फुटका पत्रा पडला होता. तो आणून मी शेठच्या पायाशी ठेवला आणि बाबांची जुनी करवत त्यावर टेकवली.

"कापून दाखवू, शेठ?"

करवत ओढलीही नव्हती, तोवर शेठ खुर्ची मागे सारून उभे राहिले. खिशातला रुमाल नाकावर गेला होता.

बाबा त्या रुमालाकडे बघत राहिले. मग दम घेत घेत म्हणाले, "तुमाले मालूम होतं, त आमाले गूळ कावून देत होते, शेठ?"

शेठ फाटकाकडे निघाले. मी करवत हातात घेऊन वाट अडवली.

"बाबानं इचारलं. सांगा."

शेठनी मान खाली घातली. त्या घरात त्या झुकलेल्या मानेइतकं गोड मला कधीच काही लागलं नव्हतं.