अल हैलच्या बाल्कनीतला अडुळसा

४ ऑक्टोबर, सकाळ. वसई, आमचं अंगण. हजर: आई, भाऊ सावियो, माझी मुलगी रिया आणि मी. दारात टॅक्सी. सोमवारी घर पाडायला माणसं येणार होती.

आईने विहिरीजवळच्या अडुळशाच्या तीन काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या बॅगेत सुक्या बोंबलांशेजारी ठेवल्या. माझ्या सामानाच्या यादीत त्या नव्हत्या. "लिही, नाहीतर विसरशील," ती म्हणाली. "पण झाड यादी वाचत नाही हो, ल्युसी."

तीनपैकी एक इथे गल्फमध्ये, अल हैलच्या आमच्या बाल्कनीतल्या कुंडीत जगली. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, काळपट हिरव्या पानांतून पांढरी फुलं वर आली आणि जांभळा शिंजीर आला, विहिरीवर यायचा तसाच, चोच खुपसून लटकणारा. मी आईला व्हिडिओ पाठवला. ती आता सावियोच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये असते, खिडकीसमोर भिंत. तेव्हापासून दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आली की फोन: "आपला पाहुणा आला का?" बाकी कशाबद्दल ती फारसं बोलत नाही.

मे महिन्यात तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी दोन आठवडे वसईला गेले. रियासाठी फ्रिजवर यादी लावली. सातवं कलम: शाळेतून आल्यावर अडुळशाला दोन तांबे पाणी. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं. म्हणून आपण गिझर बंद ठेवतो आणि त्याच्या टाकीत साठून निवलेलं पाणी वापरतो. गल्फमध्ये राहणाऱ्या कुणाला हे सांगावं लागत नाही. बाल्कनीच्या नळाला गिझर नाही. मी रोज बाथरूममधून पाणी नेते. तेवढं लिहायचं राहिलं.

परतले तेव्हा पानं करपून गळली होती.

"मम्मा, मी रोज दिला पाणी," रिया म्हणाली. "टिक पण केला." खरंच, एकही दिवस चुकला नव्हता.

बिल्डिंगची बाग बघणाऱ्या रफीकभाईंनी काडी नखाने खरवडली. "खलास, मॅडम. जड़ उबल गया."

मी ऐकलं नाही. सावली केली, माती बदलली, माबेलापर्यंतच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. सावियोला नव्या काडीसाठी विहिरीकडे पाठवलं. तिथे पार्किंग झालंय. "दुसरा कुठलाही अडुळसा लाव," तो म्हणाला. "तिला काय कळणार?"

कळेल, सावियो. डोळा आता स्वच्छ झालाय तिचा.

बाहेर राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना घर कुठे असं विचारलं जात असेल. मी वसई म्हणायचे. घर पडल्यावर मनातल्या मनात ही कुंडी म्हणू लागले. आता रविवारचा तो फोन तेवढा उरलाय, आणि दोन रविवार मी तो उचललेला नाही.

फ्रिजवर नवी यादी आहे. सावली, माती, नर्सरी, सावियो: चारही कलमांपुढे खुणा झाल्या.

पाचवं: आईला सांगणे.