ठराव मोडून दिलेलं रक्त

धर्मपाल हिवरखेडचा. अमरावतीला आमच्या समाजाच्या वसतिगृहात तो माझ्याच खोलीत राही. शिकायला बी.ए.ला, आणि भांडायला एक नंबर. त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात नागपूरकडचे एक डॉक्टर संशोधनासाठी रक्ताचे नमुने घ्यायला आले, तेव्हा सभा त्यानंच बोलावली.

"अख्खी अमरावती सोडून हे आपल्याच वसतिगृहात काहून आले?" तो म्हणाला. "काल आपल्या हातचं पाणी चालत नोहतं, आज रक्त पाह्यजे? उद्या छापतीन, यांचं रक्तच खराब हाय."

ठराव बिनविरोध झाला. रक्त कोणी द्यायचं नाही, आणि जो देईल त्याच्या शेजारी पंगतीत कोणी बसायचं नाही. गावात ज्यांना पंगतीबाहेर बसवलं होतं, त्यांनीच हा ठराव केला. कोणाला काही वाटलं नाही.

तिथंच बसलेले डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घरात कोणाचे सांधे सुजतात का? डोळे पिवळे होतात, लेकरं दुखण्यानं कण्हतात?" बहुतेकांच्या घरात असं कोणीतरी होतंच. मी धर्मपालकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरलेला.

त्याचा धाकटा भाऊ असाच कण्हत गेला होता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याच्या मायनं, मनकर्णाबाईनं, घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. वर्षभरात पोरगं गेलं आणि गाव म्हणालं, देव कोपले, हिनं आपलं पोरगं आपणच खाल्लं. ती कोणाशी भांडली नाही. पण त्या दिवसापासून तिनं नदीची वाट सोडली.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल सगळ्यांदेखत डॉक्टरांपुढे बसला आणि बोट पुढे केलं.

"गद्दार," मागून कोणीतरी म्हणालं.

"माह्या मायले गाव पोरखाऊ म्हणते," तो मागे न पाहता म्हणाला. "मले खरं काय ते पाह्यजे."

दुपारी डॉक्टरांनी त्याला सूक्ष्मदर्शकातून त्याचंच रक्त दाखवलं. गोल पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या. "तुला स्वतःला धोका नाही," ते म्हणाले. "तुला हे आईबापांपैकी एकाकडूनच आलंय. तू सांगतोस त्यावरून भावाला बहुतेक दोघांकडून आलं असावं, म्हणून ते जिवावर बेतलं. यात दोष कोणाचाच नाही."

त्या दिवशी पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकाम्या होत्या. तरी तो पोटभर जेवला. इतका हलका मी त्याला कधी पाहिला नव्हता. लगेच मला सोबत घेऊन त्यानं हिवरखेडची एसटी धरली.

मनकर्णाबाई तूर निवडत होती. धर्मपालनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "देवाचा काई संबंध नाई, माय. हे रक्तातून येते. मायबापाच्या."

तिचे हात थांबले. "म्हंजे माह्या रगतातून?"

"बाच्याही, माय. तुह्या एकटीच्या नाई."

पण पुढचं तिनं ऐकलंच नाही. तिनं सूप बाजूला सारलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"इतके दिवस मनातल्या मनात देवाले शिव्या देत होती मी, बाबू," ती म्हणाली. "आता कोणाले देऊ?"