जयंतीचं टेबल

आमच्या ऑफिसात जयंत्या-पुण्यतिथ्या नऊ वर्षं माझ्याकडे आहेत. बढती मिळाली नाही, किस्से मात्र पोतंभर जमले! लोकांना वाटतं, फोटो मांडला, हार घातला, संपलं. अहो, जरा काही चुकलं तर दारात मोर्चा आणि माझ्या हातात नोटीस!

*

एका जयंतीला संघटनेची मंडळी घोषणा देत जिना चढतायत आणि फोटोंचं कपाट बंद! ते सांभाळणारे गफूरभाई खुलताबादहून येताना घाटात अडकलेले. फोनवर मी रडायचाच बाकी होतो.

"गफूरभाई, चावी कुठंय?"

"कायकी चावी साब? ताला तो नाम का है, जोर से खींचो ना!"

*

एकदा नव्या टायपिस्टनं फळ्यावर लिहिलं, 'पुण्यतिथीनिमित्त हार्दिक शुभेच्छा'! साहेबांची गाडी गेटात. मी शर्टाच्या बाहीनंच फळा पुसला.

"बाही पांढरी कशानं झाली?" साहेबांनी विचारलं.

"श्रद्धेनं, सर!"

*

संविधान दिनाला साहेब उद्देशिका वाचतात, आम्ही चाळीस जण मागून म्हणतो. शूटिंग चालू, म्हणून सगळे ताठ. मध्येच साहेबांना घरून फोन आला. ते हळूच म्हणाले, "भाजी मी आणतो."

चाळीस जण एका सुरात, "भाजी मी आणतो!"

*

हुतात्मा दिनाचं दोन मिनिटांचं मौन. दाखल्यासाठी पिशोरहून आलेले एक बाबा आम्हाला माना खाली घातलेलं बघून घाबरले. टोपी काढून माझ्या कानाशी, "कोण गेलं?"

मौन संपल्यावर सांगितलं, "देशासाठी गेलेले, बाबा. लई वर्षं झाली."

"आन् आज आठवलं व्हय तुमाला?"

*

यंदाच्या सामाजिक न्याय दिनाला साहेब समतेवर छान बोलले. मग चहा. पाहुणे जास्त आले, कागदी कप संपले. धावपळीत मी खिडकीतला एक कप विसळला, भरला आणि साहेबांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला, तेव्हा मला कपाचा तुटका कान दिसला.

तो सुलाबाईंचा कप होता. सुलाबाई आमच्याकडे झाडलोट करतात. आमच्या हेडक्लार्कनी, म्हणजे मोठ्या बाबूंनी, पहिल्या दिवसापासून त्यांचा कप वेगळा ठेवायला लावलेला. मी रोज बघत होतो आणि एकदाही बोललो नव्हतो. लाज वाटते मला त्याची.

मोठ्या बाबूंचा चेहरा उतरला. "काढून घ्या तो कप!" ते माझ्या कानाशी पुटपुटले. घेणार कसा? सगळे पाहुणे साहेबांकडेच बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे नोटीस नाचायला लागली.

तेवढ्यात सुलाबाई सांडलेली फुलं झाडायला आत आल्या. साहेबांच्या हाताकडे बघून थांबल्या. काही बोलू नका म्हणून मी हात जोडायचेच बाकी होते.

"काय झालं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय, सायब. कप माझा हाय, येगळा ठिवलेला. तुमी तोंड लावलं, आता बाटला तो. मला दुसरा लागंल."